कसरीची टिंबे

नाशिक, ९ सप्टेंबर १९७६

सौ. मालतीस, दुरून पण मनापासून आशीर्वाद.

तब्येत उत्तम. खोकला आहे, पण तो जुन्या वह्यांच्या धुळीचा. काढा कडू झाला म्हणून भांडायला इथे कोणी नाही. बाळूचा ताप उतरला का?

इथल्या एका दिवंगत व्हायोलिनवादकाच्या गतींची चाळीस पाने मी नकलून काढली. स्वराखाली एक टिंब असले की खालचे सप्तक, दोन असली की आणखी खालचे, एवढे मला ठाऊक होते. काल इथले व्हायोलिन शिकवणारे खलील मास्तर माझी नक्कल वाजवायला बसले आणि मध्येच गज ठेवून म्हणाले, "पंडितजी, इतकी खालची तारच नसते हो व्हायोलिनला."

मूळ पान उजेडात धरले. निम्मी टिंबे कसरीने पाडलेली भोके निघाली. इतकी वर्षे ऋषींच्या ग्रंथांवर टीका लिहिली, आता किड्याचीही सेवा झाली.

सारे पुन्हा नकलायचे आहे. दिवाळीला येणे जमत नाही.

तुझे व्हायोलिन लग्नानंतर माळ्यावर मीच ठेवले. ते उतरव आणि बाळूला घेऊन इकडेच ये. संध्याकाळी खोलीत फार शांतता असते. तू वाजव, मी ऐकेन. या वेळी मध्येच चहा मागणार नाही.

तुझा,
अच्युत