ठाण्याच्या सूतिकागृहातला मुक्काम

बाई,

परवा आमच्या नातीने फोनवर बोट फिरवत फिरवत कोकणातल्या कुठल्याशा गावातली खोली ठरवली. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी गाडी घेऊन निघाल्या आहेत. खोली स्वस्त हवी आणि शांत हवी, एवढीच त्यांची अट. चहा निवायच्या आत तिचं काम झालंसुद्धा. मी विचारलं, चौघी बायकाच जाताय, तर समोरच्याने काही विचारलं नाही का? तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसत बसले. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हे सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

आमच्या डोंबिवलीत तेव्हा स्टेशनपासून थोडं लांब गेलं की भातखाचरंच लागत. त्या खाचरांमधल्या पायवाटेवरून तुम्ही सायकलवर शाळेत यायचात. पुण्याहून आलेल्या, बिनलग्नाच्या, भूगोल शिकवणाऱ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ताठ बसून येणाऱ्या. पहिले काही दिवस बायका दारात उभ्या राहून तुम्हाला बघायच्या. माझी आईही त्यांतलीच. मग रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर तुम्ही आम्हाला सायकल शिकवायला लागलात. मागून सीट धरून पळायचात आणि धरलंय, धरलंय म्हणता म्हणता कधी सोडून द्यायचात ते कळायचं नाही. मी पहिल्यांदा एकटी मैदानाच्या टोकापर्यंत गेले आणि वळता येईना म्हणून थेट कुंपणाच्या निवडुंगात शिरले. तुम्ही काटे काढताना म्हणालात की गेलीस तर सरळ ना, वळायचं उद्या बघू.

ठाण्यामार्गे घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत सायकलने जायचं, रात्री ठाण्यात राहायचं आणि दुसऱ्या दिवशी किल्ला बघून परत फिरायचं, हा बेत तुम्ही वर्गात सांगितलात तेव्हा आम्हाला ती थट्टाच वाटली. मॅट्रिकच्या आदल्या वर्षीचा नाताळ होता. तयार झालो तिघी: मी, माझ्या बाकावरची कायम हसणारी मैत्रीण आणि वकिलांची मुलगी. परवानगी अडली ती वकिलांपाशी, आणि ते हो म्हणतील तर आमचे वडील हो म्हणणार होते. तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसून चहा घेतलात आणि सगळं ऐकून घेतलंत. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुली रात्री कुठे झोपणार? जागा सभ्य हवी, गडबडगोंधळाची नको, पुरुषांच्या लॉजमध्ये तर नाहीच. तशी सोय झाली नाही तर संध्याकाळच्या गाडीने मुली घरी यायला हव्यात, आणि मग हे सायकलीचं खूळही बंद. तुम्ही मान्य केलंत. ठाण्याला तलावाजवळ तुमच्या ओळखीचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे उतरायचं ठरलेलंच होतं.

सकाळी आम्ही खाडीवर पोचतो तेव्हा पाण्यावर धुकं आहे. चार सायकली होडीत आडव्या घातल्या आहेत आणि त्यांच्या चाकांमध्ये पाय सांभाळत आम्ही बसलो आहोत. होडीवाला वल्हं मारता मारता विचारतो की या सायकली पाण्यावर चालत नाहीत का, आणि माझी मैत्रीण हसायला लागते ती माणकोली येईपर्यंत थांबत नाही. पलीकडे उतरल्यावर धुळीचा रस्ता, कापणी झालेली खाचरं, तारांवर बसलेले वेडे राघू. मुंबई-आग्रा रस्त्याला लागल्यावर मालट्रक अंगावरून जायचे आणि ड्रायव्हर मान वळवून बघायचे. तुम्ही पुढे, आम्ही मागे एका ओळीत. वकिलांच्या मुलीच्या सायकलची चेन सारखी उतरायची. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा तिने ती स्वतः चढवली आणि काळे झालेले हात आम्हाला असे दाखवले जणू मेंदीच काढली आहे. एवढा रस्ता एवढ्या मोकळेपणी मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

तलावाजवळच्या त्या घराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं की मंडळी गावी गेली आहेत, घरात कोणीतरी आजारी आहे. तुम्ही क्षणभर कुलपाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "चला, ठाणं बघू." खरं तर आम्ही ठाणं बघत नव्हतो, रात्रीची जागा शोधत होतो, हे आम्हाला कळत होतं आणि आम्हाला कळतंय हे तुम्हालाही. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं होतं आणि बँडवाले अंगणात सराव करत होते. तिथे एका कोपऱ्यात जागा मिळाली असती, पण डोळ्याला डोळा लागला नसता, आणि वकिलांना दिलेला शब्द तुम्ही अर्धवट पाळणार नव्हता. मग एक खाणावळ, वर दोन खोल्या असलेली. मालक भला माणूस होता. त्याने आधी पाणी दिलं, मग विचारलं, "बरोबर पुरुष माणूस कोण आहे?"

"कोणी नाही," तुम्ही म्हणालात. "सायकली आहेत."

तो बिचारा ओशाळून हसला, पण खोली द्यायला धजेना. उद्या कोणी काही बोललं तर, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तिसऱ्या ठिकाणी, देवळाच्या ओवरीत, सप्ताह बसलेला. टाळ-मृदंग रात्रभर चालणार होते. ऊन उतरायला लागलं. संध्याकाळची गाडी अजून मिळण्यासारखी होती, सायकली गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकता आल्या असत्या. मी तुम्हाला म्हटलं की माझे पाय फार दुखताहेत, आपण परत जाऊ या का? तुम्ही थांबलात. रागावला नव्हतात, पण आवाज वर्गातला होता.

"पाय दुखत असतील तर बसू या. भीती वाटत असेल तर तसं सांग. मला पण वाटते आहे. पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नकोस."

बाई, त्यानंतर आयुष्यात मी कितीतरी वेळा थांबून स्वतःला विचारलं आहे की हे पाय आहेत की भीती. बहुतेक वेळा भीतीच निघाली, आणि नाव बरोबर कळलं की ती जरा कमीही व्हायची. त्या दिवशी मी म्हटलं, भीती वाटते. तुम्ही म्हणालात, बरं, मग पाय ठीक आहेत, चला हवा भरून घेऊ.

सायकलच्या दुकानापाशी आम्ही पंपाची वाट बघत उभ्या होतो, तेवढ्यात एक बाई सायकलवरून आल्या. पांढरं पातळ, हँडलला अडकवलेली चामड्याची बॅग, चाळिशीच्या पुढचं वय. सायकलवरची दुसरी बाई मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, आणि तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं की तुम्हीही पुष्कळ दिवसांनी पाहत होतात. त्यांनी एक पाय जमिनीवर टेकवला, आमच्या ओळीने लावलेल्या सायकली पाहिल्या आणि म्हणाल्या, "कुठनं आलात गो पोरींनो?" त्या नर्स होत्या, तिथल्याच कोळीवाड्यातल्या. माजिवड्याच्या वाटेवर एक लहानसं सूतिकागृह होतं, ते त्या सांभाळत. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन जायच्या. तुम्ही त्यांना सगळं सरळ सांगितलंत. त्यांनी ऐकलं, हवा भरली आणि म्हणाल्या की सध्या एकही बाळंतीण नाही, खाटा धुतलेल्या चादरी घालून रिकाम्या पडल्या आहेत, कोणी आलं तर मात्र उठून खाट सोडावी लागेल. भाड्याचं विचारल्यावर म्हणाल्या, बाळोत्यांना टीप घालायची राहिली आहे, तेवढी घालून द्या.

कौलारू घर, पुढे तुळस आणि मागे विहीर. आत एका लांब खोलीत खाटा, प्रत्येक खाटेशेजारी एक पाळणा, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: शांतता राखा. माझ्या मैत्रिणीने ती वाचली आणि पदर तोंडात कोंबला. वकिलांनी मागितलेली सभ्य, शांत जागा ठाण्यात याहून दुसरी कुठली असणार? आम्ही विहिरीवर पाय धुतले, ओसरीत बसून जुन्या धोतरांच्या बाळोत्यांना टिपा घातल्या. तुम्ही आणि नर्सबाई सायकलींविषयी बोलत होता. त्यांनाही सुरुवातीला लोक हसले होते. पण रात्रीबेरात्री बाळंतिणीपाशी वेळेत पोचायला लागल्यावर हसणं थांबलं, असं त्या सांगत होत्या.

जेवायची वेळ झाली तशा त्या जरा घुटमळल्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं, पण ताटं पुढे करेनात. शेवटी विचारलं, "आमच्या हातचं चालंल का तुम्हाला?"

तेव्हाचे दिवस तुम्हाला ठाऊकच आहेत. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायलाही धजलो नाही. तुम्ही पाटावर बसलात, ताट स्वतःकडे ओढलंत आणि म्हणालात, "सकाळपासून सायकल चालवतोय हो. वाढा." वकिलांची मुलगी एक क्षण तशीच उभी होती. मग ती तुमच्या शेजारी येऊन बसली, आणि तिसरी भाकरी मागणारी तीच होती. नर्सबाईंनी ती वाढताना तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते बिरडं मी पुढे घरी अनेकदा करून पाहिलं. चांगलं होतं, तसं होत नाही.

झोप अशी लागली की कधी उजाडायला आलं ते कळलंच नाही. जाग आली ती बैलांच्या घुंगरांनी. माजिवड्याहून गाडी आली होती. आत कण्हणारी एक तरुण बाई, तिची सासू, आणि कंदील धरून चालत आलेला नवरा. आम्ही ताडकन उठलो. चादरी बदलल्या, विहिरीचं पाणी काढलं, तुम्ही चुलीपुढे बसून पातेली तापवलीत. मग आम्हाला ओसरीत पाठवण्यात आलं. आम्ही त्या नवऱ्याशेजारी बसलो. तो कंदिलाची वात उगीच वरखाली करत होता. माझी मैत्रीणसुद्धा गप्प. आतून काय ऐकू येईल याची मला भयंकर धास्ती वाटत होती. आभाळ फिकं झालं, झाडांवर कावळे बोलायला लागले, आणि मग आतून तो आवाज आला. एवढ्याशा जिवाचा केवढा मोठा टाहो! पाटीकडे कोणी बघितलंही नाही. नवरा उठून उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला.

मुलगी झाली होती. सासू बाहेर आली ती ओठ मिटून. घरातली ही तिसरी नात, असं तिने सांगितलं आणि पायरीवर बसून राहिली. तुम्ही दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आलात, तिच्यासमोर उकिडव्या बसलात आणि म्हणालात, "आजी, बघा तर खरं. हिला बघायला चौघी जणी डोंबिवलीहून सायकलवर आल्या आहेत."

म्हातारीने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग अंगणात उभ्या असलेल्या सायकलींकडे. तिला ते कितपत खरं वाटलं कोण जाणे, पण तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "एवढ्या लांबशी?" असं म्हणून तिने हात पुढे केले आणि बाळ मांडीवर घेतलं. मग कनवटीचा गूळ काढून आम्हाला सगळ्यांना दिला, आपल्या मुलालाही दिला. तोवर तो रडायला लागला होता, आणि त्याच्याबरोबर, का ते ठाऊक नाही, वकिलांची मुलगीसुद्धा.

निघताना नर्सबाईंनी पुढच्या वेळी कळवून या म्हणून बजावलं. घोडबंदर करून आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा वकील होडीच्या धक्क्यावरच येऊन उभे होते. कुठे उतरलात, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या मुलीने सरळ सांगितलं, "दवाखान्यात." त्यांचा चेहरा असा उतरला की तुम्हाला घाईघाईने सगळं सांगावं लागलं. जेवणाचंही तुम्ही वगळलं नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मुलीच्या हातातून सायकल घेतली आणि घरापर्यंत स्वतः ढकलत नेली. पुढच्या नाताळात आम्ही सात जणी होतो, आणि वकिलांनी विचारलं ते इतकंच, की ठाण्याच्या त्या नर्सबाईंना तांदूळ पाठवले तर चालतील का.

तुमची बदली झाली, मग पत्रं झाली, मग तीही थांबली. मी पुढे नवऱ्याबरोबर स्कूटरवर पुष्कळ फिरले. कुठे खोली मिळाली, कुठे शाळेच्या व्हरांड्यात पथारी पसरली. जागा शोधायच्या वेळी हे चिडायचे आणि मला मात्र मजा वाटायची. रात्र कुठे जाणार हे ठाऊक नसण्यातली गंमत नातीला सांगून कळणार नाही, आणि तिला ती शोधावी लागत नाही याचंही मला वाईट वाटत नाही. ती खुशाल बोट फिरवू दे.

हे पत्र मी कपाटात ठेवून देईन. वाचून दाखवायला आता माझ्या त्या दोघी मैत्रिणीही नाहीत. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. घोडबंदरचा किल्ला मला अजिबात आठवत नाही. तुम्ही उंचावर उभ्या राहून खाडी, समुद्र, पलीकडचा मुलूख असं हात करकरून दाखवत होतात, आणि मी मान हलवत होते. माझ्या बोटांना अजून गुळाचा चिकटा होता, बाई, आणि माझं लक्ष सगळं तिकडेच होतं.