विजेचे सूर, भाग पहिला

९ जाने. ८६, गुरु.
सकाळची पाळी. आठ तास ट्रंक बोर्डावर. दिवसभरात तोंडातून निघालं ते एवढंच : नागपूर, बोला. लाइन देते. तीन मिनिटं झाली, वाढवायची का. घरी आले तर दादाचं पार्सल. पुण्याहून त्याने त्याचा जुना टेपरेकॉर्डर पाठवला आहे. चिठ्ठीत, "शीला, एकटी राहतेस, सोबत होईल." कॅसेट मात्र एकही नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचली. घरात आपला आवाज कसा लागतो ते पाहायला.

११ जाने., शनि.
सीताबर्डीला कॅसेटच्या दुकानात गेले. भजनं, भावगीतं, सिनेमा. सगळ्यात खालच्या खोक्यात एक निराळीच. वेष्टण सायक्लोस्टाइल केलेलं, हाताने कापलेलं. 'विजेचे सूर, भाग पहिला. मनोहर आणि श्रीधर.' दुकानदार म्हणाला, "त्याच्यात गाणं नाही बाई, नुसतं घूं घूं आहे. सहा वर्षं झाले, कोणी हात नाही लावला. ठेवून गेला तो माणूसही पुन्हा आला नाही."
घेतली. काहून घेतली, सांगता येणार नाही.

१२ जाने., रवि.
ऐकली. मग पुन्हा ऐकली.
गाणं नाही, ठेका नाही, शब्द नाही. एक आवाज खाली, सतत, जाडसर. त्याच्यावर दुसरा बारीक, थेंब पडावा तसा, कधी लवकर कधी उशिरा. खालचा वाट पाहतो, वरचा येतो. येतो आणि लगेच जातो. कानाला हेडफोन लावलेला असतो, दोन्ही गावं जोडलेली असतात आणि अजून कोणी हॅलो म्हटलेलं नसतं, तेव्हा असंच ऐकू येतं. पंधरा वर्षं हे फक्त मलाच ऐकू येतं असं वाटत होतं.
घरमालकीणबाई जिना चढून आल्या. "शीला, टेप बिघडला का वं?"
"नाही काकू, तसंच आहे ते."
दारात थोडं थांबल्या, मग गेल्या.

१६ जाने., गुरु.
मालूला सांगायला गेले. नऊ वर्षं आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर बसतो. अर्धं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझं वेळेवर लग्न झालं असतं ना, तर असलं काही ऐकत बसली नसती." चिडून नाही, मायेनेच म्हणाली. म्हणून जास्त...
डबा तसाच परत आणला.

१९ जाने., रवि.
वेष्टणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात पत्ता होता. हुडकेश्वर, चक्कीमागे. गेले. शेवटच्या स्टॉपवर उतरून बरंच चालावं लागतं, दोन्हीकडे तुरीचं शेत. पिठाच्या चक्कीमागे दोन खोल्या, ओसरीवर उघडे रेडिओ मांडलेले. चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, डोळ्यावर चष्मा, हातात कथलाची तार. कॅसेट दाखवली. हातातलं काम खाली ठेवलं त्याने.
"श्रीधरनं पाठवलं का तुम्हाले?"
"नाही. मी कोणाला ओळखत नाही. दुकानात मिळाली."
"मंग काहून आल्या?"
ट्रंक ऑपरेटर आहे एवढं सांगितलं. तेव्हा जरा हसला. "मंग बरोबर. खालचा आवाज माझा आहे. लहानपणी रस्त्यावरच्या तारेच्या खांबाले कान लावून उभा राहत होतो मी. तोच आहे तो."
काळा चहा दिला. नवरा काय करतो, मुलं किती, काहीच विचारलं नाही. येताना बसमध्ये लक्षात आलं की आज मी तासभर बोलले.

२६ जाने., रवि.
पुन्हा गेले. रेडिओ दुरुस्तीला नेला असता तर जायला निमित्त झालं असतं, पण माझ्याकडे रेडिओच नाही.
मनोहरने आज यंत्राचं सांगितलं. तो आणि श्रीधर, दोघं एका वर्गातले मित्र. जुन्या रेडिओंच्या भागांतून त्यांनी एक वाजवायचं यंत्र बनवलं, दोन वर्षं लागली. त्याच्यावर ही पहिली कॅसेट भरली. श्रीधरला रामटेकच्या शाळेत मास्तरकी लागली. एका कार्यक्रमापुरतं म्हणून तो यंत्र घेऊन गेला. मग त्याचं लग्न झालं, मग मुलगी झाली. यंत्र तिकडेच. सहा वर्षं.
"तुम्ही गेले नाही का आणायला?"
"नेलं त्यानं. आणून द्यावं त्यानं."
"पत्र?"
"नाही."
मी चहा संपवला.

९ फेब्रु., रवि.
आता दर रविवारी जाते. घरमालकीणबाईंना सांगते, मैत्रिणीकडे.
आज म.ने दुसऱ्या भागाची टेप लावली. अर्धीच आहे. नुसता खालचा आवाज. मध्येमध्ये तो आवाज आणखी हळू होतो आणि बराच वेळ तसाच राहतो.
"इथे श्रीधर येते," म. म्हणाला. "म्हणजे, यायचा होता."
मी त्याला छप्पन सालचं सांगितलं. बाबांनी दीक्षेच्या वेळी मला खांद्यावर घेतलं होतं. सहा वर्षांची होते. एवढी माणसं, आणि मला आठवते ती कर्ण्याची घरघर, कोणी बोलायच्या आधीची. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. म.ने मान हलवली, बस. माझ्या आवाजात थोडी घरघर झाली होती तेव्हा, सर्दीमुळे.

२३ फेब्रु., रवि.
म.कडे कोणीतरी रामटेकहून आलेलं, श्रीधर बारीक झाला म्हणून सांगून गेलं. "शाळेत हेडमास्तरच्या खोलीत फोन आहे म्हणते," म. म्हणाला आणि रेडिओत डोकं घातलं. चक्कीवरही फोन आहे. म. तिथून कधी करणार नाही. श्रीधर तिकडून कधी करणार नाही. मी दोघांच्या मध्ये बसते, रोज आठ तास, पगार घेऊन.

५ मार्च, बुध.
केलं.
अकराच्या सुमारास बोर्ड जरा मोकळा होता. रामटेकच्या ऑपरेटरकडून शाळेचा नंबर घेतला. चक्कीवाल्याला म्हटलं, मनोहरला बोलवा, रामटेकचा कॉल आहे. शाळेत सांगितलं, श्रीधर मास्तरांना द्या, नागपूरचा कॉल आहे. दोघंही आले. एकाला धावून दम लागलेला.
"रामटेक लाइनवर आहे, बोला."
"नागपूर लाइनवर आहे, बोला."
कोणी बोलेना. तो तसलाच आवाज. मग श्रीधरचा असावा, "मनोहर... तू आहेस का गा?"
मी माझी ऐकायची कळ वर केली. ऐकलं नाही. ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. समोरचा दिवा पाहत बसले. चौदा मिनिटं.
काळेबाई, आमच्या सुपरवायझर, मागे येऊन उभ्या. "ह्या कॉलचं बिलाचं तिकीट कुठे आहे?"
"टेस्ट कॉल आहे बाई."
"एवढा वेळ?"
"लाइनीत दोष होता."
त्या पुढच्या खुर्चीकडे वळल्या.

९ मार्च, रवि.
हुडकेश्वर. कुलूप. चक्कीवाला म्हणाला, "शुक्रवारी गेला रामटेकले, हत्यारांची पेटी घेऊन. तुम्हाले सांगून नाही गेला का?"
"नाही."
"येईन तो. रेडिओ सारे पडून आहेत लोकांचे."
आनंद झाला. खरंच झाला. परत येताना बसमध्ये दोन माणसं भांडत होती, त्यांचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं.

२३ मार्च, रवि.
कुलूप. ओसरीवर थोडं बसले. ऊन तापायला लागलं आहे.

३० मार्च, रवि.
नाही गेले. डोकं दुखतं म्हणून पडून राहिले. घरमालकीणबाई वरण-भात घेऊन आल्या. "मैत्रिणीकडे नाही गेली आज?"
"गावाला गेली ती."
"मंग माझ्यासंग जेव ना वं खाली. एकटी काय जेवते."
गेले. त्यांनी सुनेचं सगळं सांगितलं, मी हं हं केलं. बरं वाटलं. पण ते निराळं.

६ एप्रिल, रवि.
म. आला आहे. चेहरा उतरलेला नाही, उलट दाढी केलेली. ओसरीवरचे रेडिओ खोक्यांत भरत होता. लोकांचे लोकांना परत देऊन राहिला.
मला पाहून हात थांबवला. "बसा."
चहा नाही केला आज, भांडी बांधून झाली होती.
"श्रीधर म्हणते, फोन त्यानं नाही केला," तो म्हणाला. "मले म्हणते, तूच केला. मी म्हटलं, मी नाही केला. दोघंही एकमेकांकडे पाहून राहिलो."
मी खाली पाहत होते.
"ऐकत होत्या का तुम्ही?"
"नाही."
"खरं?"
"खरंच नाही ऐकलं."
त्याने एका खोक्याला दोरी बांधली. "ऐकलं असतं तर बरं होतं," म्हणाला. "मले आठवतच नाही आम्ही काय बोललो. तो रडला, एवढं आठवते. मी रडलो का, ते नाही माहीत."
रागावला नव्हता. पाणी दिलं. मग सांगितलं. श्रीधरच्या छातीचं दुखणं आहे, शाळेतून आल्यावर जास्त उठवत नाही. यंत्र माळ्यावर होतं, उंदरांनी तारा खाल्ल्या आहेत, पण जुळेल. त्याच्या घरामागे एक खोली आहे. म. तिकडेच राहायला जाणार. बाजारात रेडिओचं काम मिळतं.
"दुसरा भाग?" मी विचारलं.
"पाहू. त्याले बसता आलं तर."
"चांगलं झालं," मी म्हटलं. दोनदा म्हटलं.
"तुम्ही येत जा रामटेकले. रविवारी."
"येईन."
तो स्टॉपपर्यंत सोडायला आला. तुरी कापून झाल्या आहेत, दोन्हीकडे नुसती खुंटं. एरवी बसची वाट पाहत अर्धा तास उभं राहावं लागतं. आज बस उभीच होती.

१० एप्रिल, गुरु.
काळेबाईंनी बोलावलं. पाच मार्चची नोंद निघाली आहे. लेखी खुलासा द्या म्हणाल्या. "लाइनीत दोष होता असंच लिहा," हळू आवाजात म्हणाल्या, "मी सही करते." त्यांच्याकडून अपेक्षा नव्हती. लिहून दिलं. लिहिताना वाटलं, खरं लिहावं. नाही लिहिलं.
मालू विचारत होती काय झालं. सांगितलं नाही तिला. तिने तिच्या डब्यातली भाकर मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली.

१२ एप्रिल, शनि.
पाळी सुटल्यावर चालत स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीत विचारलं. रामटेकची पहिली गाडी सकाळी सहाला, मग तासातासाला आहे. खिडकीतला माणूस म्हणाला, "किती जण?"
"एक," म्हटलं. "पण अजून ठरलं नाही."