मागच्या पानावरची नावं

बाई,

वाचनालयातल्या माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीवर आता एसीचं पाणी ठिबकतं, बरोबर डाव्या खांद्यावर. या अन्यायाविरुद्ध मी कार्यकारिणीला तीन लेखी अर्ज दिले. त्यांनी साधकबाधक चर्चा करून खुर्चीवर प्लास्टिक घातलं. तुम्ही असतात तर खुर्ची हातभर सरकवली असतीत. पण तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आता खुर्ची सरकवायलाही ठराव लागतो.

मंगळवारी त्याच प्लास्टिकवर बसले होते, तेव्हा चार जण आले. चपला बाहेर काढून, नमस्कार करून. फार सभ्य होते, बाई; भीती त्याचीच वाटली. पुढे होता आमच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. आता गळ्यात उपरणं आणि पाठीशी माणसं असलेला. त्यांना ती दंगलीवरची कादंबरी हवी होती. वाचायला नव्हे. ग्रंथपाल ताईंना म्हणाला, "शनिवारी येतो. काढून ठेवा. आणि मागचं पान जागेवर असू द्या, कोणी कोणी वाचलंय ते बघायचंय." जाताना माझ्याकडे वळून हसला. "तू अजून पंचवटीतच राहतेस ना? छान."

मागचं पान म्हणजे तुमचा नियम. शाळा सुटल्यावर तुम्ही हे वाचनालय सांभाळायचात. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर नाव आणि एक ओळ लिहायची, पुढच्या वाचणाऱ्याला सोबत म्हणून. आम्ही नववीत असताना शहरात दंगल झाली. संचारबंदी उठून शाळा भरली त्या दिवशी तुम्ही ती कादंबरी टेबलावर ठेवलीत. तीत दगड मारणारा एक मुलगा आहे, आणि ज्याच्या दुकानावर तो दगड मारतो तो त्याच्याच शाळेचे कपडे शिवणारा शिंपी. मी विचारलं, यात बरोबर कोण? तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "बाजू घ्यायला पेपर आहे. इथं माणूस बघ."

बघितला. पुस्तकातला मुलगा घरी येऊन मोरीत खूप वेळ हात धुतो, आणि त्याची आई फक्त विचारते, वाढू का? आमचा दादा त्याच आठवड्यात तसाच आला होता, तसाच हात धूत उभा होता. तोवर मला वाटायचं, दगड मारणारे कुठूनतरी बाहेरून येतात. पुस्तक परत केलं तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. नाव लिहिलं तर घरातलंच बाहेर सांगितल्यासारखं झालं असतं. तुम्ही पान पाहिलंत, मग मला. "वाचलंस ना? मग एक नाव राहिलं." पुढे कधी विषय काढला नाहीत. मी मोठी होऊन दर रविवारी पेपरात अख्ख्या गावाची खिल्ली उडवत आले. दादा सोडून.

आज शुक्रवार. सकाळपासून समोर दोन मोटरसायकली उभ्या आहेत, वर बसलेली पोरं कुठेच जात नाहीत. ताईंनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. पान फाडलं तर त्यांची नोकरी जाते, ठेवलं तर एकतीस माणसं उघडी पडतात. काही वारली, काही सिन्नरला गेली. दोन आडनावं मात्र अशी आहेत, की वाचणाऱ्याला गल्लीसुद्धा विचारावी लागणार नाही. पाचवं नाव त्या उपरणंवाल्याचं. नववीतल्या अक्षरात, निळ्या शाईत: "शिंप्याचं वाईट वाटलं. दगडवाल्याचं पण." त्याला बाकीच्यांना गाठायचंय की स्वतःला खोडायचंय, कोण जाणे. दोन्ही एकाच फेरीत उरकेल.

ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमचं नाव नाहीये, मी नीट बघितलं. तुम्ही निवांत घरी जा."

मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं. एकतिसाव्या नावाखाली माझं माहेरचं नाव लिहिलं, आजची तारीख घातली, आणि पुढे ओळ: "हा मुलगा आमच्या घरी होता."

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती तर पुढचं लिहिलं नसतं, बाई. आडनाव जरा गिचमिडच काढलंय.