चहात काय होतं

आई,

चप्पल काढू नकोस, फ्रिजखालपर्यंत काचा आहेत. ओट्यावरचं रक्त माझं आहे, तुझ्या लाडक्याचं नाही.

तू शिकवलंस तशी दादाची गोळी कुटून त्याच्या चहात घालत होते. तो मागेच उभा होता. त्याने कप भिंतीवर फोडला, माझे केस धरले आणि डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं. "विष घालता मला!" एवढंच ओरडत होता. रक्त दिसलं तसा मटकन खाली बसला. मग स्वतःच टॉवेल आणला. अजून तोच माझ्या कपाळावर दाबून धरून बसलाय. शेजारचे ड्रायव्हरकाका आम्हा दोघांनाही दवाखान्यात नेताहेत.

त्याला आवाज ऐकू येतात, तो आजार आहे, मान्य. पण दोन महिने तो चहाबद्दल विचारतोय आणि आपण दोघी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगतोय, हाही तुझा भासच.

यापुढे गोळी त्याच्या हातावर ठेवायची, गोळी म्हणूनच. डॉक्टरांनाही मी खरं सांगणार आहे. तुला राग आला तर येऊ दे.

तो विचारतोय, काय लिहितेस. हे सगळं त्याला वाचून दाखवते, मग निघतो.