बावीस पावलांचा केरवा

घाटंजी
२६ सप्टेंबर

प्रिय दादा,

पाकीट पाहून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की बाबा म्हणतात, "स्पीकरवर टाक." मग तू विचारतोस बरं आहे ना, आम्ही म्हणतो बरं आहे, आणि तुझ्यामागे तुमच्या धुमाल बँडच्या वरातीच्या गाडीवर कुणीतरी पॅड ठोकून बघत असतं. दोन खोल्यांच्या या घरात बाबांना ऐकू जाणार नाही अशी जागाच नाही. म्हणून लिहिते आहे. दुपारी जेवण झालं की ते तासभर डोळे मिटतात, तेवढ्यात जमेल तसं. आज चौथा दिवस. आई सोयाबीनच्या सोंगणीला गेली आहे. यंदा सोयाबीन बरं आहे म्हणते, गुडघे मात्र बरे नाहीत. धम्मरत्न काकांनी दात बसवून घेतलेत. गाताना 'स' म्हटला की शिट्टी वाजते, पण गाणं सोडलं नाही.

बाबांना कंपवात झाला आहे हे तुला माहीत आहे. हात थरथरतो, तोंड कोरं कोरं दिसतं, आवाज बारीक झाला, हे तू दोन वर्षांपूर्वी आलास तेव्हा पाहिलंस. पण तू होतास ते दोन तास बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. का उठले नाहीत, ते आता सांगते. त्यांना चालता येत नाही. म्हणजे पायात ताकद आहे, उभे राहतात, पण पाऊल उचलायला गेले की पाय जमिनीला चिकटतो. मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी तर हमखास. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, या रोगात असं होतं, डोक्याचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. तीन वर्षं झाली याला. मला त्यांनी शपथ घातली होती, "अश्वजितले सांगू नको. तो आपल्या कामात हाय, राहू दे." आज ती शपथ मोडते आहे.

एकदा धम्मरत्न काकांनी त्यांची ढोलकी आपल्याकडे कातड्याची पुडी बदलायला ठेवली होती. नवी पुडी चढवून मी खाटेवर बसून नुसता केरवा वाजवून बघत होते. धा गे न ती, न क धि न. आपला साधा आठ मात्रांचा, लहानपणी तुला आणि मला एकाच सतरंजीवर शिकवलेला. बाबा आंघोळीला निघाले होते आणि खोलीच्या मधोमध अडकून उभे होते, आई त्यांना खांद्याला धरून पुढे लोटत होती. आणि दादा, ते चालायला लागले. आईचा हात सुटला आणि ते एकटे, सरळ, दारापर्यंत गेले. मी घाबरून थांबले तर तेही थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चालले. आई रडायलाच लागली. बाबा म्हणाले, "रडतं काय? पानी गरम हाय का थे पाह्य."

तेव्हापासून हे असं आहे. खाटेपासून मोरीपर्यंत बावीस पावलं. डॉक्टरांकडच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मोबाइलवर टिकटिक लावून दिली होती. दोन दिवस चालली. मग मी माझाच ठेका मोबाइलवर भरून ठेवला. सपाट जमिनीवर ठीक, पण उंबऱ्यापाशी बाबांना अर्धा क्षण जास्त लागतो आणि मोबाइल पुढे निघून जातो. मग ते गडबडतात, तोल जातो. आईनं एकदा ताटलीवर वाजवून पाहिलं, तिची लय अशी धावली की बाबा जागेवरच हसत उभे राहिले, आईला म्हणाले, "तुयशे, बस सुटून राह्यली काय तुही?" ते काम माझ्याच हातानं होतं. त्यांची टाच बघत वाजवावं लागतं. टाच सुटायच्या आधी 'न' हलका ठेवायचा आणि 'धा' वर डाव्या हाताचा तळवा असा टेकवायचा की आवाज जमिनीतून यावा. जोरात नाही. जोरात वाजवलं की ते दचकतात. सावकाश केलं की झोपल्यासारखे होतात. ना मागे ना पुढे, त्यांच्या पायाच्या जराशी आधी मी असायला हवी. तू म्हणशील यात वाजवण्यासारखं काय आहे. काहीच नाही. तीच आठ अक्षरं. पण दिवसातून सात वेळा, तीन वर्षं, एकदाही कंटाळून वाजवून चालत नाही, कारण कंटाळा पहिल्यांदा त्यांच्या पायाला कळतो.

तुला दारव्ह्याचा तो कार्यक्रम आठवत असेलच. अकरा वर्षं झाली, आपण कधी त्यावर बोललो नाही. जयंतीची गर्दी, तू वीस वर्षांचा, ढोलकीवर बसलेला, बाबा पेटीवर, धम्मरत्न काका गात होते आणि मी मागे मंजिऱ्या घेऊन. काका आईवरचं गाणं गात होते, संथ, आणि तू त्यात धावत्या लग्गीवर लग्गी भरत होतास. पोरं शिट्ट्या मारत होती. खरं सांगू, मलाही तेव्हा तुझा अभिमान वाटत होता. एवढी बोटं कुणाचीच चालत नव्हती. बाबांनी पेटी थांबवली आणि माईक चालू असताना विचारलं, "अश्वजित, आता काका कोनती ओळ गाऊन राह्यले होते?" तुला सांगता आलं नाही. सगळा मंडप हसला. तू ढोलकी खाली ठेवलीस आणि उतरून गेलास. मग बाबांनी मला पुढे ओढलं. दादा, मी तुझी जागा घेतली असं तुला वाटतं, माहीत आहे मला. मला त्या दिवशी साध्या ठेक्याशिवाय काही येतच नव्हतं. तेवढंच वाजवत राहिले, कारण दुसरं काही वाजवायची अक्कल नव्हती, आणि काकांचं गाणं उचललं गेलं. घरी येताना बाबा जीपमध्ये म्हणाले, "ठेका म्हंजे सतरंजी. गानारा तिच्यावर बसते. सतरंजीच सरकून राह्यली त तो काय गाईन?" ते तुझ्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले होते. मागाहून त्यांना फार लागलं. माईकवर बोलायला नको होतं, असं आईजवळ कितीदा म्हणाले. तुझ्याजवळ म्हणणं त्यांना जमलं नाही.

आता माझं सांगते. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि तीन वर्षांत घाटंजीच्या बाजारापलीकडे गेलेली नाही. बाजारात गेले तरी नजर घड्याळावर. एकदा मेडिकलमध्ये गर्दी होती, मला उशीर झाला, येऊन बघते तर बाबा ओल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यानंतर मी बाजारही आईवर सोडला. मुकुटबनला प्रियंकाचं लग्न झालं, आपल्या सख्ख्या मावसबहिणीचं, मी गेले नाही. मला पाहायला पांढरकवड्याहून लोक आले होते, मुलगा चांगला होता. तो निघताना बाबांना जागेवरून उठायचं होतं, पण मला ढोलकी काढायची लाज वाटली. बाबांना ते कळलं आणि ते बसून राहिले. पाहुणे म्हणाले, म्हातारा मानी दिसतो. ते जमलं नाही, आणि मला बरंच वाटलं, कारण जमलं असतं तर काय सांगितलं असतं? पूर्वी ढोलकी हातात घेतली की मला घराच्या भिंती दिसत नसत. आता तीच ढोलकी घेतली की आधी बावीस पावलं दिसतात, मग मोरी, मग परत बावीस पावलं. त्या आठ मात्रांच्या आत मी राहते. दुसरं काही वाजवून बघितलंच नाही किती दिवसांत. एकदा सहज सहा मात्रांचा दादरा धरला, तर आतून बाबांनी विचारलं, "काय झालं वो पोरी, काही चुकलं काय?"

वर्ध्याच्या इंदुताईंची बायकांची गायन पार्टी आहे. गेल्या एप्रिलमध्ये त्यांचा कार्यक्रम आपल्या वस्तीत झाला. त्यांची ढोलकीवाली आजारी पडली म्हणून काकांनी मला बसवलं. मी आपल्या घरापासून चार घरंच दूर होते म्हणून जमलं. मी तेच वाजवलं जे मला येतं, त्यांच्या श्वासाकडे बघत. कार्यक्रम संपल्यावर त्या माझे हात धरून म्हणाल्या, "मी वीस वर्षं गाऊन राह्यली, पन आज पयल्यांदा मले ढोलकीची आठवनच नाही आली, नुसतं गानं आठवलं." त्यांनी मला पार्टीत बोलावलं. वर्ध्याला राहायचं, हिवाळाभर गावोगाव फिरायचं. मी नाही म्हटलं. जूनमध्ये त्यांनी परत विचारलं, परत नाही म्हटलं.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते लिहिते. ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. आई शेतात निंदणाला गेली होती. बाबा मोरीकडे निघाले होते, मी खाटेवर बसून वाजवत होते, त्यांची पाठ माझ्याकडे. उजवी टाच उंबऱ्यापाशी उचलली होती आणि माझा मोबाइल थरथरला. हात थांबले. इंदुताईंचं नाव दिसलं. मी फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला आणि मागोमाग त्यांचा संदेश आला, शेवटचं विचारते आहे, नोव्हेंबरच्या सातला पार्टी निघते. मी वाचला. मग हात परत ढोलकीवर ठेवायला हवे होते. दादा, मी ठेवले नाहीत.

बाबा म्हणाले, "रूपा?" मी बोलले नाही. त्यांना मागे वळता येत नाही, वळताना पडतात. पुन्हा म्हणाले, "रूपा, हायेस काय?" मी तिथंच होते, पाच पावलांवर. मला राग आला होता असंही नाही. माझ्या अंगातच कुणी नव्हतं. मग त्यांनी चौकट धरली आणि त्या बारीक आवाजात स्वतःच बोल म्हणायला लागले, धा गे न ती, न क धि न. पाय उचलेना. पुन्हा म्हणाले. पुन्हा. पोटरी थरथरायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात मी अकरा मिनिटं पाहिली. धोतर ओलं झालं तेव्हा मी वाजवायला लागले आणि ते चालले.

धुणं झालं, कपडे बदलले, खाटेवर बसवलं. मग म्हणाले, "कोनाचा फोन आलता?" मी म्हटलं, कंपनीचा. "बरं," म्हणाले. चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, "तू होती तिथं. तुही बांगडी वाजली." एवढंच. रागानं नाही. एखाद्याचा ठेका चुकला तर ते जसं हलकेच सांगायचे तसं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, तर डोक्यावर तो थरथरता हात ठेवून म्हणाले, "दमली असशीन. हात हायेत, मशीन नाही."

मला वाटलं तिथं ते संपलं. संपलं नाही. त्यानंतर ते सातच्या ऐवजी चार वेळा उठू लागले, मग तीन. मी विचारलं की म्हणायचे, "लागली नाही." गेल्या आठवड्यात खाटेखाली झाडताना मागच्या कोपऱ्यात जुना डबा सापडला, पाण्यानं भरलेला. मी दिवसभर त्यांना पाण्याचे ग्लास देते, ते बाबा त्यात ओततात. पीतच नाहीत. प्यायलं तर उठावं लागेल, आणि उठलं तर मला वाजवावं लागेल. ओठ फुटलेत ते मी उन्हानं समजत होते. डॉक्टरांना दाखवून आणलं, पाणी कमी पडलं म्हणाले, अजून वेळ गेली नाही.

म्हणून लिहिलं. मी इंदुताईंना हो कळवलं आहे, सात नोव्हेंबर. आईला सांगितलं, बाबांना अजून नाही. तू ऑक्टोबरच्या पंधरापर्यंत ये. तीन आठवडे तरी लागतील, कारण हे एका दिवसात हाताला बसत नाही, तुझ्या हाताला तर नाहीच. रागावू नकोस. या हिवाळ्यापुरता ये, पुढचं पुढे बघू. मी कायमची जात नाही. पण तू आला नाहीस तर मी जाणार नाही, आणि राहिले तर त्या दुपारसारखी आणखी एखादी दुपार येईल. मला त्यांची नाही, माझी भीती वाटते दादा. आलास की मी बोलावलं असं सांगू नकोस, त्यांना पाण्याबद्दलही काही विचारू नकोस. खाटेजवळ सतरंजीवर बस आणि म्हण, बाबा, ठेका शिकायला आलो.

तुझीच,
रूपा