ऊदाच्या पोटातला तीन मिलिमीटरचा खड्डा

बगदाद,
मंगळवार, दुसऱ्या चहानंतर

आदरणीय हिकमतमामांना फाइकचा सलाम. आपला गुडघा, सबीहामामींचा रक्तदाब आणि मोसुलची हवा ही तिन्ही ताळ्यावर असावीत. माझं बरं चाललं आहे.

गेल्या आठवड्यात पारंपरिक वाद्यं जतन करणारी समिती दुकानी आली. म्हणजे चार माणसं, एक यंत्र आणि ते चालवणारी रुआ नावाची इंजिनियर. मी घडवलेले ऊद पोटापासून तारांपर्यंत मोजायचे, त्यावरून यंत्राने साचे कापायचे आणि बसऱ्यापासून मोसुलपर्यंतच्या संगीतशाळांना द्यायचे, असा बेत. साच्यावर नाव माझं. (मी कुणा उस्तादाकडे शिकलो नाही, असं तीस वर्षं ज्यांनी ऐकवलं, त्यांची मुलं आता माझ्या साच्यावर शिकणार. मला त्याचं काही नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.) मी यंत्राच्या विरुद्धही नाही. ऊदाच्या पोटाची अक्रोडाची पट्टी तापल्या लोखंडावर वाकवताना जो वास येतो, तो त्याला कळतो का, एवढंच विचारलं. रुआ म्हणाली, "वास नाही कळत, उस्ताद. पण तुमच्या ऊदाचं पोट डावीकडे तीन मिलिमीटर आत गेलंय, ते कळलं."

शेजारचा कबाबवाला घानिम (असल्या वेळी हा हटकून हजर) लगेच म्हणाला, "अरे फाइक, तुझा ऊद एका कुशीवर झोपून उठलाय काय?" मग दुकानातले सगळे ऊद मोजले. प्रत्येकाला तिथेच, डावीकडून चौथ्या पट्टीवर, बरोबर तीन. इतकी अचूकता यंत्रालाही साधणार नाही, हे कुणी बोललं नाही. तेव्हा मी शांतपणे सांगितलं, की ही चूक नव्हे, जुन्या कारागिरांची रीत आहे. खर्जाला टेकायला तेवढी जागा लागते. समितीच्या अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. रुआने डोळे न मिटता विचारलं, "ज्यावरून शिकलात तो मूळ ऊद कुठाय? त्यात खड्डा असेल तर साचे असेच कापू. नसेल तर साच्यावरचं तुमचं नाव पुसावं लागेल." विशीत तुमच्या परवानगीने तुमचा ऊद उकलून मी मापं घेतली, हे घानिम अख्ख्या गल्लीला सांगत असतो. नाइलाजाने तुमचा पत्ता दिला. मंडळी रविवारी येतील. मामींनी जेवायला डोलमा केला तर बोलणं मापांवरून लवकर हटेल.

आपला भाचा,
फाइक

ता. क. तुमचा ऊद तिकडच्या कारागिराने मागच्या वर्षी "छान सरळ करून दिला", असं तुम्ही कळवलं होतं. ते समितीला कळवू नये.

ता. क. २. चौदाव्या वर्षी, ईदच्या गडबडीत, मी तुमच्या दिवाणावर बसलो. चादरीखाली तुमचा ऊद पालथा होता. सरसाने चिकटवला, मापं त्यानंतरची. त्या खड्ड्यापायी तुम्ही घराबाहेर काढलेलं मांजर निर्दोष होतं.

ता. क. ३. रविवारच्या आत कुणीतरी त्यावर एकदा बसावं. डावीकडून चौथी पट्टी. तुम्ही हलके पडाल, मामींना विनंती करावी. तीन मिलिमीटर झाले की लगेच उठावं.