अक्काचं पुस्तक आणि माझं वर्ष

जयनगर, बेंगळुरू,
मंगळवार

प्रिय अक्का,

सोबतचं वार्षिक उघडण्याआधी हे पत्र वाच. नैवेद्य दाखवायच्या आधी डब्याचं झाकण काढून बघणारी तू, माझं ऐकशील असं वाटत नाही. तरी सांगून ठेवतो. फोन करता आला असता. पण फोनवर तू लेकाच्या, अपूर्वच्या कारखान्यातल्या पाळ्या, होसकोट्याची धूळ आणि माझे गुडघे यांच्याबद्दल बोलतेस, आणि माझ्या तोंडून पुस्तक हा शब्द बाहेर पडायच्या आत 'सरी, ठीक आहे, ठेवते' म्हणून मोकळी होतेस. गेलं वर्षभर हेच चाललं आहे. तुला दोष देत नाही. मीसुद्धा गुडघ्यांवर बरंच बोललो.

'हित्तल' छापून आली त्या दिवशी तू पहिली प्रत घेऊन इथे आलीस. चपलाही काढल्या नव्हत्यास आणि विचारलंस, 'भीमू, तुझ्या वर्षात माझं पुस्तक येणार ना रे?' अडुसष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहिणाऱ्या बाईनं एवढं विचारलं, तर भावानं हसून हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, 'अक्का, नियम आहे.' तू 'सरी' म्हणालीस, कॉफी घेतलीस आणि निघालीस. पद्मानं पुढचे दोन दिवस मला नुसता सारभात वाढला.

नियम तुला माहीत होता. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या नंदकिशोरनं त्याच्या वार्षिकातला 'देशाचं साहित्यवर्ष' हा लेख माझ्याकडे सोपवला, तेव्हा मी एकच अट घातली होती: नात्यातल्या कुणाचंही पुस्तक यात येणार नाही, आणि ज्याचं पुस्तक टेबलावर आहे त्याच्याशी त्या पुस्तकाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. माझ्या आधीचे गृहस्थ दरवर्षी जावयाच्या कविता घालायचे. लोक लेख उघडून आधी जावई शोधायचे आणि हसायचे. एकदा लोक असे हसायला लागले की उरलेल्या लेखावर कोण विश्वास ठेवणार?

या कामात मी सुखी होतो, अक्का. प्रत्येक भाषेतून टिपणं यायची, कुरिअरनं पुस्तकं यायची, जेवणाचं टेबल भरून जायचं आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. कुठल्या भाषेत कथा जोरात आहे, कुठे नुसत्या आत्मचरित्रांचा पूर आलाय, कोण लिहायचं थांबलं, कोण गेलं, हे सगळं कापून, जोडून ठरल्या तारखेला पाठवायचं. एवढ्या मोठ्या देशाचं वर्ष तेवढ्या पानांत बसत नाही हे मलाही कळत होतं. तरी बसवण्यात मजा होती.

तुझी प्रत मी त्याच रात्री वाचून काढली. सकाळी नंदकिशोरला फोन करून सांगितलं की या वर्षीपासून लेख मी करणार नाही, रक्षिताला दे. तो म्हणाला, 'भीमसेनराव, तब्येत बरी आहे ना? की दुसऱ्या कुणी जास्त मानधन कबूल केलंय?' मी म्हणालो, कारण छापून झाल्यावर सांगेन. पुस्तकाचं नाव काढलं असतं तर ती शिफारसच झाली असती.

रक्षिताला तू पाहिलेलं नाहीस. व्हाइटफील्डला नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी मेट्रोनं इकडे येते. आई हुबळीची, वडील साताऱ्याचे, त्यामुळे दोन्ही भाषांत सारखीच भांडते. गेली काही वर्षं टिपणं लावायला ती मला मदत करायची. तू सासरच्या आडनावानं लिहितेस, म्हणून तिला आपलं नातं कळायचं काही कारण नव्हतं. मी सांगितलं नाही आणि पद्मालाही बजावलं.

मला वाटलं, आपलं काम झालं. मी बाजूला झालो, आता पुस्तक आपल्या पायांनी चालेल. कसलं चालतंय! श्रावणात रक्षिता आली ती कपाळाला हात लावूनच. 'सर, एक पुस्तक कुठेच बसत नाहीये.' पत्ता बेंगळुरूचा, छापखाना चिक्कपेटेतला, नाव 'हित्तल'. म्हणून वार्षिकाच्या कचेरीनं प्रत कन्नडच्या टिपणकारांकडे पाठवली होती. त्यांनी उघडून पाहिलं, मराठी आहे म्हणून पुण्याला धाडलं. पुण्याच्या विद्वानांनी चार पानं चाळली आणि कन्नडमधून केलेलं भाषांतर समजून परत पाठवलं. हित्तल म्हणजे परसू, हे तुला-मला कुणी सांगायला नको. त्यांना असल्या कानडी शब्दांशी पानापानावर अडखळायला झालं असणार. वर्षातली दोन्ही दारं बंद, आणि पुस्तक मधल्या ओट्यावर बसलेलं.

मग ती माझ्यासमोर बसून वाचायला लागली. नेमकं शेवग्याच्या शेंगांचं भांडण. आपली आई भिंतीच्या अलीकडून कन्नडमध्ये शिव्या देतेय आणि पलीकडून भाग्यलक्ष्मीअम्मा मराठीतून परत करतायत, कारण जिला लागायला हवं तिला तिच्याच भाषेत लागलं पाहिजे. रक्षिता वाचता वाचता इतकी हसली की तिला पुस्तक खाली ठेवावं लागलं. पद्मा कॉफी घेऊन आली आणि 'अगं, त्या अम्मा तर...' एवढं तिच्या तोंडून निघून गेलं. मी घाईनं म्हणालो, 'साखर कमी आहे.' माझ्या कॉफीत गेली कित्येक वर्षं साखर नसते. पद्मानं माझ्याकडे पाहिलं, आत गेली, आणि खरोखरच दोन चमचे घालून आणली. मी ती निमूटपणे प्यालो.

रक्षितानं विचारलं, 'सर, तुम्ही असता तर कुठे घातलं असतं?' वर्तमानपत्रात मंत्र्यांचे फोन आले तेव्हाही मला एवढा घाम फुटला नव्हता. एक शब्द बोललो असतो तर पुस्तक आत आलं असतं. मी म्हणालो, 'मी नाहीये ना. तू आहेस.' ती जरा रागावूनच गेली. त्यानंतर लेख छापून येईपर्यंत पुस्तक आत गेलं की बाहेर राहिलं, मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही. गुडघ्यांबद्दल तुझ्याशी बोलत राहिलो.

आता वार्षिक उघड. लेखाचा दुसरा परिच्छेद. कुठल्याच भाषेच्या रकान्यात नाही, सुरुवातीलाच: 'या वर्षी एक पुस्तक दोन भाषांच्या टेबलांवरून परत आलं, म्हणून ते इथे, दारातच ठेवते आहे.' पुढे चार वाक्यं आहेत. तीन वाचून तू पदर डोळ्यांना लावशील. चौथ्यात शेवटची प्रकरणं रेंगाळली आहेत असं म्हटलंय, ते वाचून तो पदर कमरेला खोचशील. काल मी तिला नातं सांगितलं. ती म्हणाली, 'बरं झालं, सर. आधी कळलं असतं तर मी घेतलंच नसतं.' आणि वर, 'त्यांना सांगा, पुढच्या पुस्तकाला आणखी कडक लिहीन.'

तुझं दुसरं लिहून होत आलंय, हे मला अपूर्वकडून कळलंय. म्हणून ती खुर्ची मी कायमची सोडली आहे. टेबल रिकामं झालं, पद्मानं त्यावर नवं कापड घातलंय, आणि आम्ही माणसांसारखे जेवतो.

हे सगळं लिहायचं कारण सांगतो. तू ती चार वाक्यं वाचशील, खूश होशील, आणि रात्री कूस बदलताना मनात म्हणशील, भीमूनंच घातली असतील. नाही, अक्का. मी घातली नाहीत. देशाच्या या वर्षात तू तुझ्या हिमतीवर आली आहेस. आता तुझं पुस्तक माझ्या टेबलावर नाही, त्यामुळे मी बोलायला मोकळा आहे. रविवारी सकाळच्या बसनं येतो, सहीसाठी माझी प्रत घेऊन. शेवटची प्रकरणं खरंच रेंगाळली आहेत, आणि घरातल्या सगळ्यांना पुस्तकात घेऊन धाकट्या भावाला तेवढं तू वगळलं आहेस. नियम तुलाही होता म्हणायचा. बाकी काय सांगू? शेंगांच्या भांडणापाशी मला आईचा आवाज ऐकू आला. वर्षभर हे तोंडात धरून बसलो होतो. फार सुंदर लिहिलं आहेस.

तुझाच,
आता नुसता वाचक उरलेला
भीमू